शरीराला टाकी नसते, ताई

मॅडम नमस्कार. नाव छापू नका. मी सोलापूरचीच, वय ४१, एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशिनवर आहे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा, वर पत्रा. बाया-पुरुष मिळून एकच टॉयलेट आणि त्याला आतनं कडी नाही, म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही, जेवताना दोन घोट तेवढे. घरी आल्यावर दोन-तीन लिटर एकदम पिते, मग रात्री तीन-चारदा उठावं लागतं. या वर्षात दोनदा लघवीला जळजळ झाली, मेडिकलमधनं गोळ्या आणल्या, बरं वाटलं. दुपारी चारनंतर डोकं ठणकतं. आता व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय, सकाळी उठल्याउठल्या दीड लिटर आणि दिवसाला चार लिटर पाणी प्यायलं की सगळे आजार जातात. ते मी सासऱ्यांनाही सुरू केलंय. ते ७२ वर्षांचे, हार्टचे पेशंट, डॉक्टर म्हणाले होते दीड लिटरच्या वर देऊ नका, पण ऊन एवढं आहे की मला भीती वाटते. मुलगा नववीत आहे, होम मैदानावर क्रिकेट खेळतो, रात्री पायात गोळे येतात, तो दुकानातली निळी बाटली मागतो. नेमकं किती पाणी प्यायचं ते एकदा सांगा.

ताई,

तुमचं स्वतःचं मोठं दुखणं बाजूला ठेवून आधी सासऱ्यांचं सांगते, कारण ते उद्यावर ढकलता येणार नाही. त्यांचं चार लिटर आजच बंद करा. डॉक्टरांनी दीड लिटर सांगितलंय ना, तोच आकडा धरायचा, ऊन कितीही असो. हार्टचं पंपिंग कमी झालेलं असलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं, जास्तीचं पाणी आधी घोट्याला सुजेच्या रूपानं दिसतं आणि मग फुप्फुसात साठतं, माणसाला आडवं पडलं की दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं. मी पंचवीस वर्षं सिस्टर म्हणून वॉर्डात काढली, उन्हाळ्यात असे म्हातारे पेशंट रात्री दोन-तीनला धापा टाकत यायचे आणि विचारलं की घरचे म्हणायचे, गरमी लई होती म्हणून जरा जास्त पाणी दिलं. सगळे मायेनंच देत होते हो, तुमच्यासारखेच.

सोपं काय करायचं, सकाळी दीड लिटरची एक बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवा, दिवसभरात त्यांनी चहा घेतला, ताक घेतलं, आमटी भुरकली की तेवढं पाणी त्या बाटलीतनं काढून टाका, संध्याकाळपर्यंत बाटली संपली की संपलं. घसा कोरडा पडला तर पाण्यानं चूळ भरायची, बर्फाचा छोटा खडा चघळायचा (तोही मोजात धरायचा), लिंबाची फोड जिभेवर ठेवायची. आणि त्यांच्या ताटातनं शेंगाचटणी, पापड, लोणचं कमी करा, त्यांना ते जड जाईल माहिती आहे मला, सोलापूरच्या माणसाला कडक भाकरी शेंगाचटणीशिवाय द्यायची म्हणजे शिक्षाच, पण मीठ पोटात गेलं की तहान लागते आणि पाणी अंगात धरून पण राहतं, दोन्हीकडनं नुकसान. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे असं समजून डॉक्टरांना फोन करायचा. तुमची उन्हाची भीती खोटी नाही, म्हाताऱ्या माणसांना तहानेची जाणीवच कमी होते, आणि त्यात लघवीची गोळी (अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी) चालू असेल तर कोरडं पडायचा धोका आहेच, म्हणून जुलाब-उलट्या झाल्या, उठताना चक्कर आली, एकदम मलूल दिसले तरी फोन करायचा. गोळी किंवा पाण्याचा मोज डॉक्टर बदलतील. आपण घरात बसून मेसेज वाचून बदलायचा नाही.

आता त्या मेसेजबद्दल. आठ ग्लास, चार लिटर, असले आकडे फार जुने आहेत. १९४५ साली अमेरिकेतल्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डानं मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं होतं आणि पुढच्याच वाक्यात म्हटलं होतं की यातलं बरंचसं आपल्या जेवणातच असतं, पण ते पुढचं वाक्य लोकांनी सोडून दिलं. भात, आमटी, भाजी, काकडी, कलिंगड यात पाणीच असतं, दिवसाच्या एकूण पाण्यातलं साधारण पाचवा हिस्सा जेवणातनं येतो. २००४ मध्ये तिथल्याच तज्ज्ञांनी नवीन आकडे दिले, बाईला जेवणाखाण्यासकट साधारण २.७ लिटर, पुरुषाला ३.७, आणि ते पण सरासरी म्हणून, ऊन आणि मेहनत असेल तर जास्त लागणार हे धरून. म्हणजे महाबळेश्वरात खुर्चीवर बसलेल्या बाईला आणि मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत पत्र्याखाली मशिन चालवणाऱ्या बाईला एकच आकडा कसा लागू पडेल?

सकाळी उपाशीपोटी दीड लिटर एकदम पिण्यात काही जादू नाही, पोट फुगतं आणि तासाभरात निघून जातं. किडनी तासाला साधारण ८०० मिली ते एक लिटर एवढंच जास्तीचं पाणी बाहेर टाकू शकते, त्याच्या वर भराभर ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. रिपोर्टमध्ये त्याचा आकडा १३५ ते १४५ च्या मध्ये असायला हवा, फार खाली गेलं की मळमळ, डोकेदुखी, बरळणं, फिट सुद्धा येते. धडधाकट माणसाला हे सहसा होत नाही पण बीपीच्या काही गोळ्या, लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर बायकांमध्ये मी पाहिलंय, म्हणून तो मेसेज कृपा करून पुढं पाठवू नका.

आता तुमचं.

आपल्याकडं नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळं आलं की टाकी, बॅरल, हंडे, कळशा, घरातलं पातेलं न पातेलं भरून ठेवायची आपल्याला सवय. उजनीचं पाणी एवढ्या लांबनं येतं, सोडून कसं द्यायचं. तुम्ही शरीराशी पण तसंच करायला लागलाय, दिवसभर कोरडं आणि संध्याकाळी साठवण. पण शरीराला टाकी नसते ताई. साडेसातला प्यायलेले तीन लिटर उद्या दुपारच्या दोन वाजेपर्यंत कुठंच शिल्लक राहत नाहीत, जास्तीचं पाणी किडनी रात्रीतच काढून टाकते, म्हणूनच तीन-चारदा उठता, झोपेचं खोबरं होतं, आणि सकाळी परत कोरड्याच कामाला जाता.

दिवसा काय होतं बघा. सोलापूरचं ऊन कोरडं, मुंबईसारखं चिकट नाही, त्यामुळं घाम आला तरी कपड्यावरच सुकून जातो आणि आपल्याला वाटतं घाम आलाच नाही. संध्याकाळी ब्लाउजच्या पाठीवर, बगलेत पांढरे डाग दिसतात ना, ते मीठ आहे, तेवढं पाणी अंगातनं गेलंय. रक्तातलं पाणी जरा कमी झालं की मेंदू दोन कामं करतो, एक तहान लावतो आणि दुसरं म्हणजे किडनीला हार्मोनमार्फत निरोप देतो की पाणी वाचव. तुम्ही तहान दाबून टाकता, मग किडनी बिचारी एकटी वाचवत बसते, लघवी थोडी, गडद पिवळी, वासाची होते. त्या घट्ट लघवीत क्षार खाली बसायला लागतात, खडा तिथंच धरतो. आणि एरवी दर तीन-चार तासांनी लघवीबरोबर जंतू धुऊन निघतात, ते निघत नाहीत, वर चढतात आणि जळजळ चालू. २०१८ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, वारंवार लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या बायकांवर केलेला, त्यातल्या अर्ध्याजणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं तर वर्षभरात त्यांचं इन्फेक्शन निम्म्यावर आलं. नुसतं पाणी हो.

मला हे पुस्तकात वाचून कळलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी एका तालुक्याच्या ठिकाणी होते, तिथं स्टाफच्या बायकांना टॉयलेट म्हणजे मागच्या बाजूला एक पडकी खोली, दाराला दोरी बांधलेली, पावसाळ्यात तर तिथं जायचीच सोय नव्हती. आम्ही सगळ्याजणी ड्युटीवर पाणी प्यायचोच नाही, पाळीच्या दिवसांत तर चहासुद्धा टाळायचो. तिसऱ्या वर्षी मला मुतखडा झाला, रात्री अडीचला कमरेतनं जी कळ निघाली ती दोन बाळंतपणं झाल्यावरही मी विसरलेली नाही. आमच्यातल्या दोघीतिघींना वारंवार इन्फेक्शन व्हायचं आणि आम्ही एकमेकींना गोळ्या द्यायचो, तपासणी कुणीच केली नाही. म्हणून तुमचं पत्र वाचताना मला राग आला, तुमच्यावर नाही, त्या कडी नसलेल्या दारावर. बाईनं पाणी पिऊ नये अशी व्यवस्था करून ठेवायची आणि मग तिला सांगायचं पाणी प्या हो तब्येतीला चांगलं असतं!

तर आधी ती कडी. एकटीनं जाऊ नका, चार-पाचजणी मिळून शेठकडं जा, सुपरवायझरबाई असेल तर तिला पुढं घाला, भांडायचं नाही पण ठाम बोलायचं, कडी, आत बल्ब, पाण्याची बादली आणि झाकणाचा डबा, आणि बायकांसाठी वेगळं टॉयलेट कधीपर्यंत होईल ते विचारायचं. पिण्याचं पाणी आणि बायका-पुरुषांना वेगवेगळी टॉयलेटं ही कुणाची मेहरबानी नाही, कारखान्यांसाठीच्या १९४८ च्या कायद्यापासूनच ते लिहून ठेवलंय. छोट्या युनिटला कायदा दाखवण्यापेक्षा हिशोब दाखवलेला लवकर पटतो, चार वाजता डोकं ठणकणारी बाई शिलाई चुकवते, उसवायला वेळ जातो, आजारी पडली की खाडा पडतो. तोपर्यंत दोघीदोघींनी जायचं, एक बाहेर उभी. पूर्व भागात लूमवर काम करणाऱ्या बायका असंच करतात, मी विचारलंय.

पाण्याचं वेळापत्रक म्हणून काही फार मोठं करू नका. उठल्यावर एक-दीड ग्लास, निघताना एक, आणि पोचल्यावर काम सुरू करायच्या आधी एकदा टॉयलेटला जाऊन या. मग एक लिटरची बाटली मशिनजवळ, अर्ध्या तासानं चार-पाच घोट, एकदम ग्लासभर नाही. जेवणाच्या सुट्टीत एकदा जाऊन यायचं, चारच्या चहाला एकदा, बास. सुट्टीत बाटली परत भरायची. तुम्हाला वाटेल एवढं प्यायलं तर सारखं जावं लागेल, तर उन्हाळ्यात पत्र्याखाली त्यातलं बरंचसं घामातच जातं, मूत्राशय तीन-साडेतीन तास आरामात थांबतं. उलट पाणी कमी असलं की घट्ट लघवीनं मूत्राशयाला चुणचुण होते आणि थेंबभर असली तरी घाईची लागते, हे बऱ्याचजणींना माहीतच नसतं. पहिले चार-पाच दिवस थोडं जास्त जावंसं वाटेल, मग बसतं अंगवळणी. घरी आल्यावर एक-दोन ग्लास, सावकाश, आणि झोपायच्या आधी दोन तास फार नको. दिवसाला सगळं धरून उन्हाळ्यात तीन लिटरच्या आसपास जाईल तुमचं, थंडीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दोनावरही भागेल. आकडा पाठ करू नका, लघवीचा रंग बघा. फिक्कट पिवळी, लिंबू सरबतासारखी, म्हणजे ठीक. हळदीच्या पाण्यासारखी गडद म्हणजे कमी पडतंय. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतली तर मात्र पिवळीजर्दच होते, तेव्हा घाबरायचं नाही.

आणि मेडिकलमधनं गोळ्या आणणं बंद. दोनदा झालंय म्हणजे लघवीची साधी तपासणी आणि कल्चर दोन्ही करून घ्या, कल्चरमध्ये कळतं कोणता जंतू आहे आणि कोणती गोळी लागू पडते, अर्धवट गोळ्यांनी जंतू दबतात आणि मग साध्या गोळीला दाद देत नाहीत. सोबत शुगर तपासा. तीन लिटर पिऊन रात्री उठणं हे समजण्यासारखं आहे, पण खूप तहान, रात्रीची लघवी आणि वारंवार जळजळ या तिन्ही गोष्टी शुगरमध्येही असतात, चाळिशी ओलांडलीय, एकदा बघून टाकलेलं बरं. बीपी पण. डोकेदुखी पाण्यानं आठ-दहा दिवसांत कमी झाली तर छान, नाहीतर चष्म्याचा नंबर बघा, दिवसभर सुईवर नजर असते तुमची. जळजळीबरोबर थंडीताप, कंबरदुखी किंवा लघवीत रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

चहा चालतो का, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो. चालतो. चहानं पाणी निघून जातं असं म्हणतात पण दोन-तीन कप चहातलं पाणी अंगी लागतं, फक्त साखर मोजा. ताक उत्तम, ज्वारीची आंबील उत्तम, कैरीचं पन्हं, ताडगोळे, काकडी, कलिंगड सगळं चालतं. उसाच्या रसात साखर भरपूर आणि त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा असतो ते आपल्याला दिसत नाही, मी तरी बिनबर्फाचाच घेते. भाकरी-चटणीचा डबा असेल त्या दिवशी पाणी जास्त लागणार हे धरून चाला, कोरडं जेवण आहे ते. चार-पाच दिवसांचं साठवलेलं पाणी प्यायला वापरताना उकळी फुटल्यावर मिनिटभर तरी खळखळू द्या, माठाला झाकण आणि ओगराळं ठेवा, हात बुडवायचा नाही. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो पण जंतू मरत नाहीत.

पोराचं. ती निळी बाटली म्हणजे स्पोर्ट्स ड्रिंक, त्याला ते लागत नाही. अर्ध्या लिटरच्या असल्या बाटलीत साधारण पाच-सहा चमचे साखर असते, मीठ थोडंसं, बाकी रंग. आणि एनर्जी ड्रिंक म्हणून मिळतं त्यात कॅफिन असतं, ते तर पोरांना नकोच. तासभर खेळणार असेल तर साधं पाणी, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट. दीड-दोन तास उन्हात खेळणार असेल तर घरचं लिंबू सरबत, साखर आणि मीठ दोन्ही घातलेलं, आणि आल्यावर केळं, ताक. एकदा गंमत म्हणून त्याचं वजन खेळायच्या आधी आणि नंतर करून बघा, जेवढं कमी भरेल तेवढं पाणी गेलं, एक किलो म्हणजे एक लिटर, पोरांना असलं काहीतरी मोजायला दिलं की आपोआप ऐकतात. गोळे नुसतं पाणी कमी पडल्यानं येत नाहीत, दमलेल्या स्नायूंना पण येतात, झोपायच्या आधी पोटऱ्या ताणायला शिकवा. सकाळी सात किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर खेळू दे, दुपारी एक वाजता होम मैदानावर सावली कुठाय?

ओआरएसबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कारण दुकानात ओआरएस लिहिलेले गोड ज्यूसचे खोके इतकी वर्षं विकले गेले आणि आया विश्वासानं जुलाब झालेल्या पोराला तेच पाजत होत्या. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी त्याविरुद्ध बरीच वर्षं लढा दिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं (खाण्यापिण्याच्या वस्तूंवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) असल्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायलाच बंदी घातली. खरं ओआरएस म्हणजे डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याचं पाकीट, एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट. साखर चवीला नसते त्यात, आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढलं जातं आणि त्याच्यामागं पाणी, म्हणून प्रमाण महत्त्वाचं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाईन संपल्यावर ड्रममधनं असंच साखर-मिठाचं पाणी लोकांना पाजलं आणि मरणारी माणसं वाचवली. तर पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. जुलाब-उलट्या झाल्यावर किंवा खूप घाम गेल्यावरच, रोज उठून प्यायचं नाही, आणि सासऱ्यांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

अजून एक, कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवा. कुणी उन्हानं बरळायला लागलं, चालताना झोक जायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर ते चक्कर समजून पाणी पाजत बसू नका. तो उष्माघात. सावलीत आडवं करायचं, कपडे सैल, अंगभर पाणी ओतायचं, पंखा जोरात, मान-बगल-जांघेत बर्फ किंवा ओली फडकी, आणि १०८ ला फोन. शुद्धीत नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, श्वासनलिकेत जातो.

रिपोर्ट आले की आकडे लिहून पाठवा, सासऱ्यांच्या वजनाची आठ दिवसांची यादी पण. आणि शेठ काय म्हणाले, कडी बसली का, तेही कळवा. मी वाट बघते.